कन्यादान न करता मुलीचे लग्न लावले, तर ते अपुरे राहते का?

आपल्या मुलीला लग्नात कन्यादानाचा विधी नको आहे आणि त्यामुळे लग्नच अपुरे राहील अशी भीती घरातील ज्येष्ठांना वाटते, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की लग्न अपुरे राहत नाही, आणि मुलीच्या म्हणण्याच्या बाजूने आपण उभे राहावे.

आधी कायद्याची बाजू पाहू. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 7 व्या कलमानुसार वधू किंवा वर यांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विवाह लावता येतो, आणि ज्या रूढीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल टाकताच तो पूर्ण होतो. कन्यादानाचा त्या कलमात उल्लेखही नाही. विवाहासाठी ते आवश्यक नसल्याचे अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितले आहे. मात्र विधीच केले नाहीत, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने या कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले. म्हणून कन्यादान वगळले तरी सप्तपदी अवश्य ठेवावी.

ज्येष्ठांची भीती मी समजू शकतो, पण आपल्याकडची लग्ने काही जशीच्या तशी राहिलेली नाहीत. नाशिक परिसरात पुढाऱ्यांचे सत्कार आणि आशीर्वादपर भाषणे इतकी लांबतात की पत्रिकेत छापलेला मुहूर्त टळून जातो, आणि हातात अक्षता घेऊन बसलेले वऱ्हाड ताटकळत राहते. गंगापूर रोडच्या लॉन्सवर हळद आता डीजेच्या तालावर लागते. लग्नाआधीचे चित्रीकरण, संगीत, मेहंदी हे सारे आपण बिनतक्रार स्वीकारले. मुहूर्त टळला म्हणून लग्न अपुरे राहिले असे कोणी म्हणत नाही. मुलीने ‘माझे दान करू नका’ म्हटले की मात्र परंपरेची आठवण होते, हे मला मनापासून खटकते.

माझ्या पुतणीच्या हळदीला माझी वहिनी, म्हणजे नवरीची सख्खी आई, विधवा असल्यामुळे स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती. पाटासमोर पाच सवाष्णी बसल्या होत्या, नवऱ्याकडून उष्टी हळद आली होती, आंब्याच्या पानाने पायापासून डोक्यापर्यंत हळद लावणे सुरू झाले होते. पुतणी पाटावरून उठली, आईचा हात धरून तिला पुढे घेऊन आली आणि हळदीची वाटी तिच्या हातात दिली. थोडी कुजबूज झाली, पण आमच्या सर्वांत थोरल्या आत्याबाईंनी ‘लाव गं, तुझीच लेक आहे’ असे म्हटल्यावर तीही थांबली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, ही गोष्ट आपल्या घरातील ज्येष्ठांना जरूर सांगावी.

विधी बदलणे हे काही आजचे खूळ नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीविना विवाह लावण्यास 1873 मध्येच सुरुवात केली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत स्त्रिया पौरोहित्य करतात आणि मंत्रांचा अर्थ वधूवरांना मराठीत समजावून सांगतात.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. याद्या लिहिण्याच्या बैठकीतच व्याह्यांना आणि विहीणबाईंना ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी, आणि शक्य तर मुलीने स्वतः बोलावे. लग्नासाठी ठरवलेल्या गुरुजींना आधी भेटून कोणता विधी वगळायचा आणि त्या जागी काय करायचे, हे क्रमाने लिहून घ्यावे. मांडवात अंतरपाट धरल्यावर वाद घालणे कोणालाच शोभत नाही. कन्यादानाच्या जागी दोन्हीकडच्या आईवडिलांनी वधूवरांना एकत्र बसवून औक्षण केले, तर ज्येष्ठांनाही आपला मान राखला गेल्याचे समाधान मिळते. गुरुजी तयार नसतील, तर दुसरे शोधावेत. महाराष्ट्रात नोंदणीच्या अर्जावर पुरोहित आणि तीन साक्षीदार यांच्याही सह्या लागतात, त्यामुळे गुरुजींची त्यालाही संमती आधीच घेऊन ठेवावी.