ढकलगाडीभर नोटा आणि हिटलर: मधली नऊ वर्षं कुठे गेली?

गेल्या अंकात दोन महायुद्धांच्या मधल्या काळावर लेख होता, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यातच संपलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, चार निवडलीत. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : सर, आम्ही शाळेत एवढंच शिकलो की व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर जबर दंड लादला, नोटा ढकलगाडीतून न्यायची वेळ आली, लोकांनी वैतागून हिटलरला निवडून दिलं आणि त्याने युद्ध पेटवलं. इतकं सरळ होतं का हे?

उत्तर : नव्हतं. मीपण परीक्षेत हेच लिहून मार्क घेतलेत म्हणून तुम्हाला काय बोलू, पण तारखा शेजारी शेजारी लिहून बघा, लगेच घोळ दिसतो. ढकलगाडीवाले फोटो १९२३ चे आहेत आणि हिटलर चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला ३० जानेवारी १९३३ ला. मधली नऊ वर्षं कुणी सांगतच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी १९२३ बघू. जर्मनीने पहिल्या महायुद्धाचा खर्च मुख्यतः कर्ज काढून भागवला होता, हिशोब असा की जिंकलो की हरलेल्यांकडून वसूल करू. हरले तेच! मग १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा आला १३२ अब्ज गोल्ड मार्क (मार्क हे जर्मन चलन, गोल्ड मार्क म्हणजे सोन्याच्या भावाने मोजलेला), हप्ते थकायला लागले, तेव्हा जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने सैन्य घुसवून रूरचा कोळसा-पोलादाचा पट्टाच ताब्यात घेतला. जर्मन सरकारने तिथल्या कामगारांना सांगितलं काम बंद ठेवा, पगार आम्ही देतो, आणि पगार द्यायला पैसे नव्हते म्हणून नोटा छापल्या, त्या छापल्या म्हणून भाव वाढले, भाव वाढले म्हणून आणखी छापल्या. नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क. पगार रोजच्या रोज व्हायला लागले आणि तो हातात पडल्या पडल्या दुकान गाठायचं, कारण संध्याकाळपर्यंत त्याच पैशात अर्धा जिन्नस यायचा.

पण ते आवरलं ना! नोव्हेंबर १९२३ मध्ये रेंटेनमार्क नावाचं नवीन चलन आणलं, बारा शून्यं उडवली आणि भाव थांबले. हिटलरने त्याच महिन्यात म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न केला, तो फसला आणि तो तुरुंगात गेला. पुढे अमेरिकन कर्जं आली, कारखाने चालायला लागले, आणि मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतं किती? २.६ टक्के. जागा १२. महागाईनेच हिटलर आणला म्हणावं तर पाच वर्षांनंतर हा माणूस इतका किरकोळ कसा?

त्याला वर काढलं दुसऱ्या संकटाने, आणि ते पहिल्याच्या बरोब्बर उलटं होतं. यात भाव चढत नव्हते, पडत होते. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकन बँकांनी पैसा परत मागवायला सुरुवात केली, आणि जर्मनीचा सगळा डोलारा तर त्याच उसन्या पैशावर उभा. मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याचा हप्ता थोडासा वाढवायचा की नाही यावर भांडून सरकार पडलं. हो, एवढ्याशा गोष्टीवरून! बहुमतावर चाललेलं ते शेवटचं सरकार ठरलं. नंतर चॅन्सलर झालेले ब्रुनिंग अध्यक्षांच्या आणीबाणीच्या वटहुकमांवर कारभार हाकायला लागले, पगार कापले, भत्ते कापले, कर वाढवले. १९२३ ची धास्ती सगळ्यांच्या मनात इतकी बसली होती की जास्त पैसा खेळवा असं म्हणायची कुणाची हिंमतच होईना. म्हणजे ढकलगाडीचा हिटलरशी संबंध आहे, पण असा वाकड्या वाटेने.

मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआनश्टाल्ट बँक बुडाली, जुलैत जर्मनीची डानाट बँक, १९३२ च्या सुरुवातीला बेकार ६० लाख. आता आकडे बघा. सप्टेंबर १९३० ला नाझींना १८.३ टक्के, जुलै १९३२ ला ३७.३. आणि हे मत देणारे सगळे बेकार होते असंही नाही हं, बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींकडे गेले ते लहान गावांतले दुकानदार, शेतकरी, कारकून, पेन्शनर, ज्यांच्याकडे अजून थोडंफार होतं आणि तेही जाईल म्हणून जे घाबरले होते. याच मंडळींची बँकेतली शिल्लक १९२३ मध्ये एकदा मातीमोल झाली होती.

आणि 'निवडून दिलं' हा शब्द तर मला फार खटकतो. नोव्हेंबर १९३२ मध्ये परत निवडणूक झाली, त्यात नाझींची मतं घटून ३३.१ टक्क्यांवर आली, जागा ३४ कमी झाल्या. पक्षाची तिजोरी रिकामी, कार्यकर्ते मरगळलेले. अशा वेळी माजी चॅन्सलर फॉन पापेन ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये एका बँकरच्या घरी हिटलरला भेटले, आणि महिन्याच्या आत म्हाताऱ्या अध्यक्ष हिंडेनबुर्गना पटवून दिलं की याला खुर्ची देऊ, सूत्रं आपल्याच हातात ठेवू. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघंच ठेवले होते म्हणून यांना फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. फेब्रुवारीत संसदेची इमारत जळली, दुसऱ्या दिवशी नागरिकांचे हक्क गुंडाळले, आणि २३ मार्चला सगळे अधिकार हिटलरला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी पास झाला. कम्युनिस्ट खासदारांना आत येऊच दिलं नव्हतं, विरोधात मतं टाकली ती फक्त सोशल डेमोक्रॅट्सनी.

अजून एक, नुकसानभरपाईचं भूत. ती १९३२ च्या जुलैमध्ये लोझानच्या परिषदेत जवळपास माफच झाली होती, म्हणजे हिटलर यायच्या सहा महिने आधी!

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय. मला एक कोडं सुटत नाही. तिजोरीत खडखडाट असलेल्या देशाने सहा वर्षांत एवढं सैन्य उभं केलं, तर पैसा आणला कुठून?

उत्तर : साहेब, प्रश्न वाचून मजा आली, कारण याचं उत्तर तुमच्या धंद्यातलंच आहे. हुंडी! म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर पैसे द्यायचं लेखी वचन.

हिटलरने राईशबँकेवर, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेवर, याल्मार शाख्त यांना आणलं, फार चतुर माणूस. क्रुप, सीमेन्स अशा चार बड्या कंपन्यांच्या नावाने एक कागदी कंपनी काढली, नाव असं ठेवलं की ऐकणाऱ्याला धातूंवर संशोधन करणारी संस्था वाटावी. भांडवल फक्त १० लाख मार्क. आता कारखानदाराने तोफा दिल्या की सरकारने रोख पैसे द्यायचे नाहीत, त्याने या कंपनीवर हुंडी काढायची, कंपनीने ती स्वीकारायची. मुदत कागदावर सहा महिने, पण वाढवत वाढवत पाच वर्षांपर्यंत नेता यायची, वर ४ टक्के व्याज, आणि कुणाला मध्येच पैसे हवे असले तर राईशबँक वटवून द्यायला बसलेलीच. या होत्या मेफो हुंड्या, मेफो हे त्या कागदी कंपनीचंच छोटं नाव. बजेटमध्ये खर्च नाही, कर्ज नाही, व्हर्सायच्या तहाने बंदी घातलेलं शस्त्र कुठेच नोंदलेलं नाही. १९३८ पर्यंत अशा साधारण १२०० कोटी मार्कांच्या हुंड्या निघाल्या. तुम्ही शाखेत असला प्रकार बघितला असतात तर त्याच दिवशी व्हिजिलन्सला कळवलं असतं.

लोक म्हणतात हिटलरने रस्ते बांधून बेकारी घालवली. त्या ऑटोबानवर सगळ्यात गर्दीच्या काळातही सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती, बेकार होते ६० लाख. बाकीचे गेले कारखान्यांत आणि १९३५ पासून सक्तीच्या लष्करी भरतीत.

खरी अडचण पुढे आली. हुंडी देशात चालते, बाहेर नाही चालत! लोखंडाचं खनिज, तेल, रबर, खायची चरबी, सगळं परदेशातून यायचं आणि त्याला परकीय चलन लागायचं, जे नव्हतं. शाख्त म्हणत होते जरा दमाने घ्या, निर्यात वाढवा. हिटलरने १९३६ मध्ये उलटा फतवा काढला, चार वर्षांत सैन्य आणि अर्थव्यवस्था दोन्ही युद्धाला तयार हवीत, आणि काम दिलं आपल्या उजव्या हाताला, गोरिंगला. जानेवारी १९३९ मध्ये राईशबँकेच्या संचालकांनी सह्या करून लेखी इशारा दिला की हे असं चाललं तर चलन कोसळेल. हिटलरने काय केलं? शाख्तना काढून टाकलं.

आता अशा माणसासमोर दोनच रस्ते उरतात, शस्त्रं कमी करा किंवा शेजाऱ्याचं लुटा. मार्च १९३८ ला ऑस्ट्रिया गिळल्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेचं सोनं बर्लिनला गेलं. मार्च १९३९ ला प्राग घेतलं, तिथे श्कोडाचे तोफांचे कारखाने मिळाले. तुम्हाला बँकर म्हणून एक किस्सा सांगतो. चेकांचं २३ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवलेलं होतं, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या 'बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स'च्या नावाच्या खात्यात. प्राग पडल्यावर चेक बँकेच्या संचालकांकडून जबरदस्तीने ट्रान्सफरची ऑर्डर लिहून घेतली आणि ते सोनं राईशबँकेच्या नावावर झालं. लंडनच्या तळघरातून एक वीटही हलली नाही, फक्त वहीत नाव बदललं. आणि ही बाझेलची बँक काढली कशाला होती, तर १९३० मध्ये जर्मनीकडून नुकसानभरपाई गोळा करायला!

पाच महिन्यांनी, १ सप्टेंबरला, पोलंड. हिटलरला युद्ध हवं होतंच, ते त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होतं, वंशश्रेष्ठत्वाचं वेड होतं, पूर्वेकडची जमीन हवी होती. १९३९ लाच का याचं बरंचसं उत्तर मात्र या हिशोबाच्या वह्यांत सापडतं असं माझं मत आहे. सगळे इतिहासकार याच्याशी सहमत नाहीत हेही सांगून ठेवतो.

प्रश्न : मी बारावीला आहे. मंदी तर अमेरिकेत पण होती, मग तिथे हुकूमशहा का नाही आला? आणि जपानमध्ये एक असा हिटलर नव्हता, तरी ते युद्धात कसे?

उत्तर : एका पत्रात दोन प्रश्न टाकलेस, हुशार आहेस. पहिल्याचं थोडक्यात सांगतो. १९३३ मध्ये अमेरिकेत चारातला एक माणूस बेकार होता, जर्मनीपेक्षा फार बरं काही नव्हतं. हिटलर चॅन्सलर झाल्यानंतर पाचच आठवड्यांनी रूझवेल्टनी शपथ घेतली. पण तिथे लोकशाही दीडशे वर्षं मुरलेली, जर्मनीत ती चौदा वर्षांची आणि तीसुद्धा पराभवातून जन्मलेली, तिच्या न्यायाधीशांना, सेनापतींना, जमीनदारांना ती मनापासून नकोच होती. उलट इटलीत मुसोलिनी १९२२ लाच आला, महामंदीच्या सात वर्षं आधी. त्यामुळे 'मंदी = हुकूमशहा' असं समीकरण पेपरात लिहू नकोस.

आता जपान. त्यांच्या निर्यातीत कच्चं रेशीम सगळ्यात मोठं होतं आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेत जायचं. अमेरिकेत मंदी आली, रेशमाचे भाव कोसळले, आणि खेड्यात घरोघरी रेशीमकिडे पाळून चार पैसे कमावणारी कुटुंबं देशोधडीला लागली. सैन्यातली पोरं याच खेड्यांतली, त्यांच्या घरच्या हलाखीचं सगळं तरुण अधिकाऱ्यांच्या कानावर यायचं, आणि या अधिकाऱ्यांनी खापर फोडलं राजकारण्यांवर आणि उद्योगपतींवर. सप्टेंबर १९३१ मध्ये सैन्याने टोकियोच्या सरकारला न विचारताच मांचुरियात कुरापत काढून तो प्रांत घेतला. १५ मे १९३२ ला पंतप्रधान इनुकाईंना नौदलाच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याच घरी गोळ्या घातल्या.

यातला मला सगळ्यात चटका लावणारा माणूस म्हणजे अर्थमंत्री ताकाहाशी. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी येन, म्हणजे जपानचं चलन, सोन्यापासून तोडला, त्याची किंमत सोन्याला बांधून ठेवणं बंद केलं, सरकारी खर्च वाढवला आणि जपान बाकीच्या जगाच्या आधी मंदीतून वर काढला. गाडी रुळावर आल्यावर ते म्हणाले आता लष्कराचा खर्च आवरा. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे बंडखोर अधिकारी त्यांच्या घरात घुसले आणि ८१ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला अंथरुणातच मारलं. त्यानंतर लष्कराच्या बजेटला हात लावायची कुणाची छाती होणार?

१९३७ ला चीनशी पूर्ण युद्ध, ते काही संपेना. ते लढायला लागणारं तेल बहुतांश यायचं अमेरिकेतून, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने ते तोडलं. मग एकतर चीनमधून परत फिरा, नाहीतर आग्नेय आशियातल्या डच वसाहतींचं तेल हिसकवा. ७ डिसेंबरला पर्ल हार्बर, ११ ला हिटलरचं अमेरिकेविरुद्ध युद्ध, आणि तोवर वेगवेगळी चाललेली युरोपातली आणि आशियातली लढाई एक झाली.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या अल्बममध्ये १००० मार्कची जर्मन नोट सापडली, तारीख १५ डिसेंबर १९२२, आणि वर लाल अक्षरांत आडवा शिक्का मारलाय. फार किमती असेल का?

उत्तर : शिक्क्यात 'आइने मिलियार्डे मार्क' असं लिहिलंय का बघा, म्हणजे एक अब्ज मार्क. नवीन नोटा छापायलाही दम मिळेना म्हणून १९२३ च्या सप्टेंबरात जुन्याच हजाराच्या नोटेवर लाल शाईने अब्ज छापून त्या बाजारात सोडल्या. दुर्दैवाने त्या भरपूर निघाल्या, त्यामुळे दुर्मिळ नाहीत, लाखोंची स्वप्नं बघू नका. तिची तेव्हाची किंमत सांगतो. नोव्हेंबरात बर्लिनमध्ये एक पाव २०० अब्ज मार्कांना होता. तुमच्या नोटेत त्याचा दोनशेवा भाग आला असता. अल्बममध्येच राहू द्या.