वेबसाइट की सॉफ्टवेअर? आधी तक्ता मांडा

प्रश्न : टिळकवाडीत आमची कर-सल्ल्याची छोटी कन्सल्टन्सी आहे. उद्यमबागेतली मशीनशॉप, खानापूर-निपाणीकडचे व्यापारी असे 140 क्लायंट, हाताखाली तिघं. जीएसटीसाठी क्लायंटची खरेदी-विक्रीची बिलं तिघांच्या मोबाइलवर येऊन पडतात. कुणाची आली, कुणाची राहिली, पत्ता लागत नाही. एक जण साधी वेबसाइट करा म्हणतो, दुसरा खास सॉफ्टवेअर बनवून घ्या म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : वेबसाइटनं नवा क्लायंट मिळेल, जुन्याची बिलं वेळेवर येणार नाहीत. तुमचं दुखणं हे दुसरं आहे. तरीही सॉफ्टवेअरची घाई नको.

बिलं ऑफिसच्या एकाच व्हॉट्सअॅप बिझनेस नंबरवर मागवा. त्याला फोनखेरीज 4 उपकरणं जोडता येतात, म्हणजे तिघांचं भागतं. गूगल फॉर्मच्या भानगडीत पडू नका. त्यात फाइल चढवायला आधी गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि दुकानात बसलेला माणूस तिथंच नाद सोडतो.

मग गूगल शीटमध्ये तक्ता मांडा. एका क्लायंटला नव्हे, एका जीएसटी क्रमांकाला एक ओळ. निपाणीच्या व्यापाऱ्याचं कागलला गोदाम असेल, तर त्याचा 29 नं सुरू होणारा कर्नाटकचा क्रमांक वेगळा आणि 27 चा महाराष्ट्राचा वेगळा, विवरणपत्रंही दोन. ‘एक क्लायंट, एक क्रमांक’ असं धरून बांधलेलं सॉफ्टवेअर सीमाभागात पहिल्याच महिन्यात अडतं. क्रमांकाच्या रकान्याला 15 अक्षरांची अट घाला. पुढं विवरणपत्र मासिक की तिमाही, विक्रीची बिलं आल्याची तारीख, खरेदीची तारीख, काम कुणाकडं, भरल्याची तारीख. मासिकवाल्यांची जीएसटीआर-1 ची (विक्रीच्या विवरणपत्राची) मुदत 11 तारीख, जीएसटीआर-3बी ची (कर भरायच्या विवरणपत्राची) 20. तिमाहीवाल्यांची 13 आणि 22. दोन्ही गट एकाच रंगात ठेवलेत की गल्लत झालीच म्हणून समजा.

तीन महिने हे चालवा. रकाने अजून बदलताहेत? मग सॉफ्टवेअर नको, प्रत्येक बदलाचं वेगळं बिल येईल. रकाने स्थिरावले आणि तरी हात अपुरे पडताहेत, तर तोच तक्ता प्रोग्रामरपुढं ठेवा. विवरणपत्र भरण्याचा भाग मात्र तयारच विकत घ्या. सरकारी नमुने बदलत राहतात.

करार लेखीच हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या प्रोग्रामचा हक्क लेखी हस्तांतराशिवाय तुमच्याकडं येत नाही. पैसे दिले म्हणून तो तुमचा होत नाही. सोर्स कोड (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ प्रोग्राम) आणि रोजचा बॅकअप मागा. शेवटचा हप्ता 11 आणि 20 या दोन्ही तारखा नीट पार पडल्यावर.

वेबसाइट सवडीनं करा, चार पानं पुष्कळ झाली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्याच नावावर आणि ईमेलवर घ्या. मराठी-कन्नड मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या लिपीत, टाइप करून घ्या. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटातला तसाच चिकटवला, तर मोबाइलवर निव्वळ चिन्हं दिसतात.