लॅबव्ह्यूमधला फिरता गणक : सुरुवातीला एवढेच पाहा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला लागण्याआधी लॅबव्ह्यू, म्हणजे चित्रे तारांनी जोडून प्रोग्राम बनवण्याचे सॉफ्टवेअर, शिकायला घेतलेत, हे फार चांगले केलेत. दर सेकंदाला वाढून 9 नंतर पुन्हा 0 वर येणारा गणक हवा असेल, तर व्हाइल लूपच्या (थांबवेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या चौकटीच्या) कडेला शिफ्ट रजिस्टर (एका फेरीतला आकडा पुढच्या फेरीला देणारी टोकांची जोडी) घ्या, डावीकडून आलेल्या आकड्यात 1 मिळवा, बेरजेला 10 ने भागून उरलेली बाकी उजव्या टोकाला जोडा आणि 1000 मिलिसेकंदांचे वेट (थांबा) लूपच्या आतच ठेवा.

नवशिक्यांकडून हमखास राहते ते डाव्या टोकाला बाहेरून 0 जोडणे. ते राहिले आणि प्रोग्रामची फाइल बंद न करता तो पुन्हा चालवला, की गणती मागच्याच आकड्यावरून पुढे सुरू होते. वेट विसरल्यास आकडे वाचताच येत नाहीत. थांबवण्यासाठी स्टॉप बटणच जोडा.

स्टेट मशीनकडे (प्रोग्रामचे काम वेगवेगळ्या अवस्थांत विभागणाऱ्या रचनेकडे) इतक्यात वळू नका. टूलबारवरच्या दिव्याच्या चिन्हावर क्लिक करून तारांमधून सरकणारे आकडे आधी शांतपणे पाहा.