'रेड' दोनदा का आहे, आणि त्यातला कोणता ऐकावा?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचा 'रेड' हा अल्बम गाण्यांच्या ॲपवर दोनदा का दिसतो, दुसरा नुसता पैशांसाठी काढलाय का, आणि ऐकायचा कोणता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नवा ऐका. निदान एकदा तरी सलग.

पैशांचा आणि हक्कांचा भाग आहेच. गाण्याच्या मालक्या दोन. शब्द आणि चाल ही एक, ध्वनिमुद्रण म्हणजे मास्टर ही दुसरी. टेलर गाणी स्वतः लिहिते, त्यामुळे पहिलीत तिचा वाटा होताच. पण सुरुवातीच्या सहा अल्बमचे मास्टर तिच्या पहिल्या कंपनीकडे होते. 2019 मध्ये ती कंपनी विकली गेली आणि मास्टर तिला मुळीच नको असलेल्या माणसाकडे गेले. कराराप्रमाणे नोव्हेंबर 2020 पासून पहिले पाच अल्बम तिला पुन्हा गाता येणार होते. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा गायलेला 'फिअरलेस' आला, 12 नोव्हेंबरला 'रेड'. मूळ 'रेड' 2012 चा.

मुंबईत कॅसेटच्या जमान्यात वाढलेल्यांना यावरून 'व्हर्जन' गाणी आठवतील. रफी-मुकेशची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेली, स्वस्तातली कॅसेट, दादर स्टेशनबाहेर ढिगाने मिळायची. कायद्यातच तशी मुभा होती. आमच्या वडिलांना ती कॅसेट घरात चालत नसे आणि मला त्यांचं पटायचं, कारण त्यात सगळं असायचं, फक्त ज्याच्यासाठी गाणं ऐकायचं तो गळा नसायचा. म्हणूनच टेलरचं काम मला वेगळं वाटतं. इथे गळा तोच आहे, पण नऊ वर्षांनी मोठा. बाविसाव्या वर्षी जे दुःख ताजं होतं, ते ती एकतिसाव्या वर्षी गाते. वाद्यमेळ बहुतेक ठिकाणी जसाच्या तसा ठेवलाय, त्यामुळे बदल ऐकू येतो तो आवाजातच: खालचे स्वर भरदार झालेत, श्वासावर ताबा आलाय, शब्द फेकत नाही, ठेवते.

'फिअरलेस'मध्ये तिने मूळ चित्र जवळजवळ रेघ न् रेघ गिरवलं. 'रेड'मध्ये ती मोकळी झाली. गीतकार लिझ रोझसोबत लिहिलेलं 'ऑल टू वेल' 2012 मध्ये साडेपाच मिनिटांचं होतं. तेव्हा कापलेली कडवी परत घालून ते दहा मिनिटांच्या वर गेलं आणि बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. पहिल्या क्रमांकावरचं सर्वांत लांब गाणं हा मान 1972 पासून गायक डॉन मॅक्लीनच्या 'अमेरिकन पाय'कडे होता. पण लांबी हा मुद्दाच नाही. छोट्या गाण्यात आठवण होती. लांबात हिशेब आहे, वयातल्या अंतराचा, वाढदिवसाला न आलेल्या माणसाचा, लेकीकडे बघणाऱ्या बापाचा. कडवी जुनीच, पण ती बाहेर काढायला एकतिशी यावी लागली, असं मला मनापासून वाटतं.

सगळंच सरस झालंय असं नाही. 'वी आर नेव्हर एव्हर गेटिंग बॅक टुगेदर' मला जुनंच आवडतं. त्यातला चिडका, पोरकट तोरा नव्यात बसवल्यासारखा वाटतो. मूळच्या निर्मात्यांपैकी मॅक्स मार्टिन नव्यात नाही, त्याचाही परिणाम असेल. 'गर्ल ॲट होम'ला मात्र पूर्ण इलेक्ट्रॉनिक साज चढवलाय आणि ते पहिल्यांदाच लक्षात राहतं.

जुना ऐकला तर तिच्यावर अन्याय, ही भीती आता नको. मे 2025 मध्ये तिने ते मास्टर विकत घेतले, दोन्ही तिचेच आहेत. तीस गाणी एकदम नको वाटली तर आधी 2012 चं 'ऑल टू वेल', लगेच दहा मिनिटांचं, मग गायिका फीबी ब्रिजर्ससोबतचं 'नथिंग न्यू' ऐका. हेडफोन लावूनच ऐका, कारण लोकलच्या गोंगाटात शब्द हरवतात आणि या अल्बममध्ये शब्दच महत्त्वाचे आहेत.