फ्लॅटमध्ये पाळायला लहान जातीचा ससा कोणता घ्यावा?

नेदरलँड ड्वार्फ सर्वांत लहान, पूर्ण वाढ झाल्यावर साधारण 1 किलोचा. हॉलंड लॉप पावणेदोन किलोपर्यंत जातो, पण स्वभावाने शांत. घरात लहान मुलं असतील तर मी लॉपच सुचवेन. ड्वार्फ फार बुजरा असतो.

बाजारात ‘ड्वार्फ’ म्हणून बरेचदा साध्या सशाचं महिनाभराचं पिल्लू देतात आणि ते पुढे तीन किलोचं होतं. म्हणून आई-बाप बघूनच घ्या. खऱ्या ड्वार्फचे कान मोठेपणीही जेमतेम दोन इंच असतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू नकोच.

आखूड तोंडामुळे या जातींचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, मग ते वाढत राहतात आणि खाणं सुटतं. घेताना ओठ हळूच उचलून पाहा: वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. रोज वाळलेलं गवत भरपूर, पेलेट (सशांचं तयार गोळीखाद्य) फक्त 20-25 ग्रॅम. गाजर म्हणजे खाऊ, जेवण नव्हे!

बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पारा तिशीपार गेला की गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा.