अँटीबॅक्टेरियल कोटिंगच्या इम्प्लांटसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?

वडिलांना मधुमेह आहे, काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दाताची कॅप) बसवायचंय आणि दवाखान्यात ‘अँटीबॅक्टेरियल कोटिंग’वाल्याचे, म्हणजे जंतू मारणारा थर दिलेल्याचे, पैसे जास्त सांगितलेत, ते द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: निव्वळ कोटिंगसाठी देऊ नका. हिरड्यांचे आजार हेच माझं काम आहे, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे येऊन रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते वेढून असतात, रुतत नाहीत. म्हणजे तिथला बांध मुळातच कच्चा. त्या फटीत जंतूंचा चिकट थर साचला की आधी हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर नीट सफाई केली तर सगळं पूर्ववत होऊ शकतं. त्यापुढे हाड झिजू लागलं की तो पेरी-इम्प्लांटायटिस, आणि गेलेलं हाड परत मिळवणं फार अवघड. बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच लोक उशिरा येतात.

हा आजार सहसा काही वर्षांनी डोकं वर काढतो. कोटिंगचा जोर मात्र सुरुवातीचा. कोटिंगच्या थरात अँटिबायोटिक असेल तर बरंचसं पहिल्या काही दिवसांतच निघून जातं, आणि उरलेलं थोडंथोडं झिरपत राहिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होण्याचा धोका. थरात चांदी असेल तर तिने जंतू मरतात हे खरं, पण मात्रा वाढली की हाड बनवणाऱ्या पेशींनाही इजा होते. आणि हाड टायटॅनियमला घट्ट धरतं म्हणून तर इम्प्लांट टिकतं. १९६५ मध्ये संशोधक ब्रानेमार्क यांनी स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं ते याच भरवशावर. स्पर्शानेच जंतू मारणारे थरही आहेत. प्रयोगशाळेत उत्तम चालतात, पण तोंडात काही मिनिटांत लाळेतली प्रथिनं त्यांच्यावर पसरतात, मग मेलेले जंतू साचतात आणि नवे त्यांच्यावरच बस्तान मांडतात. पायाच्या फ्रॅक्चरसाठी जेंटामायसिन हे अँटिबायोटिक लावलेल्या सळ्या युरोपात वापरल्या जातात, पण जखम भरली की सळी आत बंद होते. इम्प्लांटचं वरचं टोक कायम तोंडात उघडं.

डॉक्टरांना सरळ विचारा: थर कशाचा, आणि हाडातल्या स्क्रूवर की हिरडीतून वर येणाऱ्या अबटमेंटवर, म्हणजे स्क्रू आणि कॅप यांना जोडणाऱ्या भागावर? सोनेरी टायटॅनियम नायट्राइड असेल तर त्याचा मुख्य उपयोग कठीणपणा आणि रंग. खडबडीत केलेला पृष्ठभाग असेल तर तो हाडासाठी, जंतूंसाठी नव्हे. माणसांत काही वर्षं वापरून पाहिल्याचा अभ्यास मागा.

त्याच पैशांत जे खरंच उपयोगी पडेल ते करून घ्या. आधी वडिलांची साखर आटोक्यात आणा, बाकीच्या दातांच्या हिरड्यांना आजार असेल तर तो आधी बरा करा. विडी-सिगारेट असेल तर बंद. कॅप शक्यतो स्क्रूने बसणारी घ्या, कारण हिरडीखाली राहिलेलं सिमेंट हे या आजाराचं एक नेहमीचं कारण आहे. कॅपचा आकार असा हवा की कडेने इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटीत घालायचा बारीक ब्रश) आत जाईल. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण कॅप तयार झाल्यावर बदलणं कुणालाच नको असतं. वडिलांना तो ब्रश डॉक्टरांसमोर स्वतः फिरवून दाखवू द्या. कॅप बसेल त्याच दिवशी एक्स-रे काढून त्याची प्रत घरी ठेवा, पुढे हाड किती उतरलं ते त्याच्याशीच ताडून बघायचं. तपासणी दर तीन-चार महिन्यांनी, दुखत नसलं तरी. आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या. दहा वर्षांनी एखादा सुटा भाग लागला, तर कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल ते त्यावरूनच कळेल.