साडेचारशेची कोल्हापुरी आणि पाच रुपयांचं कुरिअर

दिवाळीच्या ऑनलाइन खरेदीबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

इन्स्टाग्रामवर सारखी जाहिरात येते: "कारखाना बंद होतोय, कोल्हापुरी चपलांचे शेवटचे ३०० जोड, फक्त ४४९ रुपये." पत्ता कोल्हापूरचाच आहे, पण महाद्वार रोडला हे दुकान कुणालाच माहीत नाही. मागवू का?
– राजारामपुरी

मागवू नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, त्यावर हाताची शिलाई, वर घरपोच पाठवणी, हे सगळं ४४९ रुपयांत कुठल्याही कारागिराला परवडत नाही. एवढ्या पैशांत रेक्झिन येतं, नाहीतर काहीच येत नाही.

दुकान खरं की खोटं हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. आधी साइटचा पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जी शेपटी असते (.कॉम, .इन, .शॉप), तिला लागून डावीकडे असलेला शब्द म्हणजे खरा मालक. त्याच्याही डावीकडे एखाद्या नावाजलेल्या दुकानाचं नाव असेल, तर ती नुसती लावलेली पाटी समजा. अशी पाटी कुणालाही लावता येते. हा पत्ता कधी नोंदवला, ते 'हूइज' नावाच्या मोफत शोधात दिसतं. साइटवर 'तीन पिढ्यांची परंपरा' आणि पत्त्याची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची, असं आढळलं की पुढे बघायचं कारण नाही.

मग जीएसटी नंबर. तो १५ अक्षरा-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये तो टाकता येतो. नोंदीतलं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे तिथे कळतं. दुसऱ्याच कुणाचा नंबर उचलून आपल्या साइटवर छापणारे बरेच असतात, म्हणून नुसता नंबर दिसला एवढ्यावर थांबू नका. नाव जुळतं का ते बघा. अगदी छोट्या कारागिराकडे हा नंबर नसूही शकतो. त्याच्याशी फोनवर बोला, जोडाचा आणि दुकानाचा व्हिडिओ मागा, आणि चप्पल हातात आल्यावरच पैसे देईन म्हणून सांगा.

शेवटची खूण पैसे देतानाची. यूपीआय पिन टाकण्याआधी पडद्यावर समोरच्याचं बँकेतलं नाव येतं. साइटवर 'अमुक लेदर्स' आणि इथे भलत्याच माणसाचं नाव, असं असेल तर मागे फिरा.

विक्रेता अथणीचा किंवा निपाणीचा निघाला म्हणून मात्र त्याला खोटा ठरवू नका. कोल्हापुरी चपलेच्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि बेळगाव त्यात येतं. बाकी, पुण्याच्या भाचीला पाठवायची असेल तर समजू शकतं; राजारामपुरीत राहून स्वतःसाठी कोल्हापुरी इन्स्टाग्रामवरून मागवायची, हे कोडंच आहे.

शिवकाशीहून थेट फटाके, ८० टक्के सवलत. निम्मे पैसे आधी भरायचे आहेत.
– इचलकरंजी

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात ई-कॉमर्स साइटना फटाक्यांच्या ऑनलाइन ऑर्डर घ्यायला मनाई केली. म्हणजे दुकान खरं असलं तरी असा व्यवहार बेकायदा, आणि खोटं निघालं तर तक्रार करतानाही अडचण तुमचीच. परवाना असलेल्या स्टॉलवरून घ्या.

साडीसाठी एका पेजला यूपीआयने ६,५०० रुपये पाठवले. त्यांनी लगेच ब्लॉक केलं. बँक म्हणते, "पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही." रिझर्व्ह बँकेचा तीन दिवसांचा नियम आहे ना?
– शाहूपुरी

नियम आहे, पण तो तुमच्या प्रसंगाला लागत नाही. ६ जुलै २०१७ च्या त्या परिपत्रकात संरक्षण आहे ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. तिसऱ्याच कुणाच्या कारवाईने खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तोशीस लागत नाही. इथे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, फसवून का होईना. बँकेचं उत्तर कडू आहे, पण त्या परिपत्रकापुरतं चुकीचं नाही.

म्हणून अशा वेळी बँकेशी वाद घालण्यात पहिला तास घालवू नये. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, फोन लावायचा. तिथे तुमच्या बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. ही माहिती समोरच्या बँकेपर्यंत जाते आणि खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते अडवले जातात. घाई एवढ्याचसाठी. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतो आणि मग एटीएममधून काढतो. नोटा हातात पडल्या की अडवायला काही उरत नाही. अडवलेले पैसेसुद्धा दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत, त्याची प्रक्रिया वेगळी असते. पण अडवलेच नाहीत तर त्या प्रक्रियेला अर्थच नाही.

फोननंतर सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार पुरी करा, पोचक्रमांक जपा, यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी द्या. पेजचे, गप्पांचे, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधीच काढलेले बरे. पेज उडालं की पुरावा गेला. आता उशीर झाला असला तरी तक्रार कराच.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट. अनोळखी दुकानात पैसे द्यायचेच झाले तर कार्डाने द्या. माल आलाच नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे 'चार्जबॅक' (व्यवहार उलटवून पैसे परत) मागता येतो. यूपीआयने एखाद्या माणसाच्या खात्यात थेट पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेली नोट.

आणि सावध राहा: तक्रारीनंतर "तुमचे पैसे सापडलेत, २,००० रुपये प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही फसवणारा. गुगलवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरांचंही तेच. नंबर अ‍ॅपमधूनच घ्यावा.

आईला मेसेज आला: "पत्ता अपुरा, पार्सल अडकलं आहे, पाच रुपये भरा." तिने लिंकवरून आलेली फाइल फोनमध्ये घेतली. पाचच रुपये गेले. काळजी करावी का?
– कसबा बावडा

करावी, आणि आजच. पाच रुपये हा बहाणा होता. ती फाइल एपीके असणार. एपीके म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं अ‍ॅप. त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी आईच्या आधी चोराला दिसतो.

तो फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवा. पाच रुपये भरताना कार्ड किंवा पिन त्या पानावर टाकला असेल तर तेही सांगा. अ‍ॅप काढून टाकलं तरी भरवसा नाही. फोटो आणि नंबर दुसरीकडे घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा, मगच नवे पासवर्ड आणि नवा पिन.

याच धंद्याचा दुसरा प्रकार: 'कुरिअरवाला' *२१* लावून पुढे एक नंबर डायल करायला सांगतो. तसं केलं की आईचे कॉल त्याच्याकडे वळतात, बँकेचे पडताळणीचे फोनही. तसं झालं असेल तर ##००२# डायल करा, कॉल वळवणं बंद होतं.

कॅश ऑन डिलिव्हरी तरी सुरक्षित ना?
– गांधीनगर

अर्धीच. घरातल्या कुणीच न मागवलेलं पार्सल '६९९ द्या' म्हणत येतं आणि सणाच्या गडबडीत घरची मंडळी पैसे देऊन मोकळी होतात. कुणी काय मागवलंय त्याची यादी दाराशी लावा. यादीत नाही ते घ्यायचं नाही. ओटीपी फक्त पार्सल समोर असताना द्या. "ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा" असं फोनवर म्हणणारा कुरिअरचा नसतो. महाग वस्तू असेल तर लेबलपासून सुरू करून सहाही बाजू दाखवत, न थांबवता एकच व्हिडिओ काढत खोका उघडा. मोठ्या साइटने दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

हुपरीचे म्हणून ऑनलाइन पैंजण विकतात, वर '९२५' छाप आहे. चांदी खरी समजायची का?
– हातकणंगले

९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, पण नुसता आकडा कुणीही ठोकू शकतं. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला ऐच्छिक. पण हॉलमार्क केलेल्या चांदीवर १ सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षरा-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, येतो. तो विक्रेत्याकडून ऑर्डरीआधीच मागा आणि भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तपासा. तिथे वस्तूचा प्रकार आणि शुद्धता दिसते. एचयूआयडी अंगठीचा आणि हातात पैंजण असं निघालं, तर पार्सल तसंच परत पाठवा. एचयूआयडी नसेल तर वजन आणि शुद्धता बिलावर लिहून घ्या आणि आल्यावर ओळखीच्या सराफाकडून दोन्ही तपासून घ्या, परतीची मुदत संपायच्या आत.